गुलाम, अधिकारी आणि वाघोबाची पाहुणी

माणसाला दिलेला शब्द फिरवता येतो. "तसं नव्हे हो, मला म्हणायचं होतं की..." असं म्हणत निम्मं ताइनान शहर सुखानं जगतंय. देवाला दिलेला शब्द फिरवायचा तर आधी देवाचीच परवानगी काढावी लागते, आणि देव असल्या बाबतीत आमच्या ह्यांच्या जुन्या कचेरीपेक्षाही सावकाश चालतो. म्हणून मी देवासमोर शक्यतो तोंड उघडत नाही. पहाटे उठून करुणेच्या देवीचा, ग्वानयिन मातेचा जप करावा, सकाळचं खाणं निरामिष घ्यावं, आणि कुणाच्या अध्यातमध्यात जाऊ नये, एवढाच माझा नेम. त्यातला जप त्या दिवशी चुकला नाही, पण चुकला असता तर बरं झालं असतं, असं नंतर बऱ्याचदा वाटलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला वैद्यराज देवाचं देऊळ आहे. वैद्यराजांनी एका वाघाच्या घशात अडकलेलं हाड काढलं, तेव्हापासून तो वाघ त्यांच्या पायाशी राहिला. तो आमचा वाघोबा. वर चौरंगावर मोठे देव, त्यांना फळं, फुलं, मिठाई. आणि चौरंगाखाली, जमिनीलगतच्या अंधाऱ्या कोनाड्यात वाघोबा, त्याला कच्ची अंडी आणि डुकराच्या मांसाचा तुकडा. त्याचं दर्शन घ्यायचं तर कपाळ फरशीला लावावं लागतं. पोरांना गालगुंड झालं की लोकांना वाघोबा आठवतो, एरवी सगळे वरच्या वर नमस्कार करून जातात. मला मेलीला त्याचं वाईट वाटायचं. म्हणून जप झाला की चहाची एक इवलीशी वाटी मी रोज त्याच्यापुढे ठेवते.

त्या सकाळी एका हातात वाटी, एका हातात उदबत्ती घेऊन मी वाकले, तर आत चार डोळे.

वाघोबाचे दोन रंगवलेले आहेत, ते मला ठाऊक होते. उरलेल्या दोन्हींनी उघडझाप केली. गोधडी शिवताना उरलेले तुकडे जोडावेत तशी काळी-पांढरी-तांबूस मांजरी, एक कान फाटका, वाघोबाच्या पाठीला टेकून अंड्याचा बलक चाटत बसली होती. पोट एवढं की पळायचा विचारही तिच्या मनात आला नसावा. मी दोन मुलं जन्माला घातलेली बाई. पोट पाहून जीभ सुटली.

"घाबरू नकोस गं बाई," मी म्हणाले, "तू सुखरूप मोकळी होईपर्यंत तुझा भार माझ्यावर."

हातात उदबत्ती नसती तर हे नुसतं बोलणं ठरलं असतं. हातात पेटलेली उदबत्ती होती, समोर वाघोबा होता. झालं. नवस झाला.

मी उठून गुडघे झाडतेय तोवर देवळाचे पुजारी आत्सुई आले. त्यांनी अंड्याचं रिकामं टरफल पाहिलं आणि त्यांचा आवाज फुटला.

"पिक-हुन काकू! बघितलंत? वाघोबानं खाल्लं! चाटूनपुसून खाल्लं!"

खोटं बोलायचं नाही हे मी पाळते त्या पाच शीलांपैकी एक. मी म्हणाले, "खाल्लेलं दिसतंय खरं." यातला एकेक शब्द खरा होता. बाकी मौन. मौनाला खोटं म्हणायचं की नाही, याचा खुलासा पोथीत कुठं सापडत नाही. मी नंतर शोधला.

दुपारपर्यंत गल्लीत बातमी, संध्याकाळपर्यंत रांग. दुसऱ्या दिवसापासून अंडी येऊ लागली ती परड्या भरभरून. कोंबडीची, बदकाची, कुणी तर खारवलेली. अंड्यांची अशी तटबंदी उभी राहिली की तिच्यामागं मांजरी राहतेय हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. देवळाचे अध्यक्ष खो, ज्यांचं एरवी लोखंडी सामानाचं दुकान आहे आणि ज्यांचं पोट त्यांना चौरंगाखाली वाकू देत नाही, ते दारात उभं राहून हात जोडत होते. पलीकडच्या गल्लीतल्या देवळात मागच्या वर्षी धुपाच्या राखेचं कमळ झालं होतं आणि परगावाहून गाड्या भरून माणसं आली होती. तेव्हापासून खो अध्यक्षांना झोप नव्हती. आता ती लागली.

मला मात्र लागेना. कारण वैद्यराजांचा जन्मदिवस आला होता.

त्या दिवशी वाघोबाला कोनाड्यातून बाहेर काढतात, छोट्या पालखीत बसवतात आणि त्याच्यावर फटाक्यांच्या माळांचा ढीग रचून पेटवतात. आमच्या वाघोबाला ते आवडतं. जितका धूर, तितकी कृपा. यंदा तर अंडी खाणारा वाघोबा! खो अध्यक्षांनी फटाक्यांची अशी मागणी नोंदवली होती की दुकानदारानं विचारलं म्हणे, देऊळ पाडायचंय का. आत्सुई वाघोबाला उचलायला हात घालणार, मांजरी बिथरून बाहेर उडी मारणार, ती थेट त्या आगीत. आणि माझा नवस होता "सुखरूप" या शब्दासकट.

मी जेवताना ह्यांच्या कानावर घातलं. आमचे हे, थ्याम-हॉक, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. परीक्षांवर परीक्षा देऊन शेवटी अधिकारी झाले, आणि लगेच वय झालं. त्यामुळे अधिकार बराचसा शिल्लक राहिलाय, तो घरात चालतो.

"मांजर या घरात येणार नाही," हे म्हणाले. "आमच्या किनाऱ्याकडं म्हण आहे, तुला माहीत आहे. डुक्कर आलं, दळिद्र आलं. कुत्रं आलं, दौलत आली. मांजर आलं, सुतक आलं. सुतक कुणाचं येणार? घरात रक्तदाब कुणाला आहे?"

"भाऊजी, चुकताय!" शेजारच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला. ती स्योक-खिम. तिची खिडकी आणि आमची खिडकी यांच्यात एक हात अंतर आहे, आणि तिच्या कानात तेवढंही नाही. "आमच्याकडं म्हणतात, मांजर आलं, माडी चढली!"

"तुमच्याकडं म्हणजे कुठं?"

"उसाच्या मुलखात."

"उसाच्या मुलखातल्या लोकांना साखर झालेली असते. गोडच बोलणार."

"आणि किनाऱ्यावरच्यांना खारट. भाऊजी, माझ्या आजीकडं मांजर आलं आणि वर्षात माडी!"

"मग तूच ने ना तिला," मी आशेनं म्हणाले.

"अगं, माडी आहे आमच्याकडं आधीच," स्योक-खिम म्हणाली. "आणखी कुठं चढवू?"

संध्याकाळी आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी यी-रू घरभाडं द्यायला खाली आली. ही राजधानीतली पोर, जनावरांच्या दवाखान्यात कामाला. मी हळूच तिला सगळं सांगितलं. तिनं टाळ्याच पिटल्या.

"काकू! तुम्ही तर माया-आई झालात!"

"काय झाले?"

"रस्त्यावरच्या मांजरांना खाऊ घालणाऱ्या बायकांना आम्ही माया-आई म्हणतो. मांजर घरात घेतलं की मग तुम्ही गुलाम. मांजर म्हणजे मालक. आणि मालकाची शी उपसायची, म्हणून शी-उपसे अधिकारी."

हे पेरू कापत होते. सुरी थांबली. "अधिकारी?"

"हो काका. मोठा हुद्दा आहे. आमच्या दवाखान्यात येतो त्यातला निम्मा माणूस अधिकारीच."

"परीक्षा कोण घेतं?"

"परीक्षा नाही. मांजर नेमतं."

"एक माणूस आयुष्यभर पाणीवाटपाचे नकाशे तपासतो," हे पेरूलाच म्हणाले, "तेव्हा कुठं त्याच्या नावापुढं तो शब्द लागतो. आणि आता तो शी उपसणाऱ्याला." मग माझ्याकडं वळून, "गुलाम म्हणवून घ्यायला आनंद होणारी पिढी मी प्रथमच बघतोय."

"काका, गुलाम नको असेल तर अर्धी वाट व्हा," यी-रू म्हणाली. "म्हणजे मांजराला कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरतं सांभाळायचं. त्या माणसाला आम्ही अर्धी वाट म्हणतो. 'कोण तुम्ही?' 'मी अर्धी वाट.'"

हा शब्द मला फार आवडला. मोक्षाच्या हिशेबानं पाहिलं तर आपण सगळेच तिथं उभे आहोत. पण ह्यांना पूर्ण वाटही नको होती आणि अर्धीही. त्यांनी पेरूची बशी उचलली आणि आत जाऊन दूरचित्रवाणीसमोर बसले. बंद असलेल्या.

यी-रूनं सांगितलं, कोनाड्यात हात घालायचा नाही, ओरबाडेल. सरकारी कचेरीत सापळ्याचा पिंजरा मिळतो, तो आणा. मी दुसऱ्या दिवशी चांगला सदरा घालून कचेरीत गेले. खिडकीतली मुलगी फार गोड होती. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, पिंजरा सोडून सगळं दिलं.

"मांजर कुठं आहे, काकू?"

"देवळात."

"म्हणजे खाजगी जागा. जागेच्या मालकाची संमती लागेल. मालक कोण?"

आता आमच्या देवळाची जमीन जुन्या काळापासून देवाच्याच नावावर आहे. तिनं संगणकात पाहिलं, तर तिथंही तेच. मालक, वैद्यराज देव.

"मग त्यांची संमती आणा," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिच्याही लक्षात आलं. पण सरकारी वाक्य एकदा बोललं की मागं घेता येत नाही. ह्यांच्याकडून मला ते माहीत आहे. "म्हणजे... तुमच्याकडं विचारायची पद्धत असेलच ना?"

पद्धत आहे. कौल. अर्धचंद्रासारखे दोन लाल ठोकळे, एक बाजू सपाट, एक फुगीर. प्रश्न विचारून खाली टाकायचे. एक सपाट एक फुगीर पडला तर देवाचा होकार, दोन्ही फुगीर वर आले तर नकार, आणि दोन्ही सपाट वर आले तर देव हसतोय. मोठ्या कामाला लागोपाठ तीन होकार लागतात.

त्यासाठी खो अध्यक्षांना मांजरीबद्दल सांगणं भाग होतं. त्यांनी मला घंटेमागं ओढलं.

"मांजर? कुठलं मांजर? मला तर काही दिसत नाही."

"खाली वाका, दिसेल."

"काकू, मी वाकलो तर मला उचलायला पालखी लागेल. आणि हळू बोला! पलीकडच्या गल्लीचे लोक दर्शनाला आलेत."

"मी कुणाला सांगत नाही, खो भाऊ. मला फक्त कौल लावू द्या."

देवाला विचारू नका असं देवळाचा अध्यक्ष म्हणू शकत नाही. ते बाजूला झाले, पण इतक्या बारीक डोळ्यांनी ठोकळ्यांकडं पाहत राहिले की ठोकळ्यांनीच लाजावं. मी नाव सांगितलं, घराचा पत्ता सांगितला, नम्रपणे विचारलं, "तुमच्या घरची पाहुणी घेऊन जाऊ का?"

ठोकळे पडले. देव हसला.

पुन्हा विचारलं. पुन्हा हसला. एव्हाना रांगेतले लोक भोवती जमले होते. कशाबद्दल विचारतेय हे कुणालाच माहीत नव्हतं, पण सल्ला द्यायला त्याची गरज नसते. आत्सुई म्हणाले, घाई करताय, देवाला दम घेऊ द्या. एक आजी म्हणाल्या, जोडे काढ. स्योक-खिम म्हणाली, "आवाज काढ गं जरा! देवाला वाटत असेल डास गुणगुणतोय." मी आवाज काढला. देव आणखी हसला, एक ठोकळा तर गिरकी घेऊन हसला.

शेवटी आत्सुईंनी डोकं खाजवलं. "काकू, देव हसतो म्हणजे प्रश्न अपुरा आहे. नेऊ का विचारताय, पण कुठं नेणार ते सांगितलंत का?"

मी काय सांगणार? कुठं, हेच तर नव्हतं. यी-रूची खोली ह्यांच्याच छपराखाली, दवाखाना भरलेला, स्योक-खिमची माडी भरलेली. एक घर होतं, आणि त्या घरात एक माणूस रक्तदाबाची गोळी घेऊन बंद दूरचित्रवाणी पाहत होता. मी ठोकळे परत ठेवले. खो अध्यक्षांनी देवाला सगळ्यांत जाड उदबत्ती लावली.

त्यानंतरचे दिवस मी ह्यांच्यावर हळूहळू प्रयोग केले. ह्यांच्या आवडीची मेथीसारखी कडसर भाजी केली, ह्यांनी खाल्ली. जपात त्यांच्या आयुष्याची प्रार्थना मोठ्यानं म्हटली, ऐकली. मग म्हणाले, "एवढी काळजी आहे तर सुतकाला आमंत्रण कशाला देतेस?"

जन्मदिवस उजाडला. वेशीपासून ढोल, झांजा, शिंगं. मी ठरवलं, कौल नाही, पिंजरा नाही, तर आपले दोन हात आहेत. वेताची टोपली आणि मऊ लाल फडकं घेऊन मी देवळात गेले. आत्सुई पालखी सजवायला अंगणात होते. मी पटकन अंड्यांची तटबंदी सरकवली आणि चौरंगाखाली शिरले.

खांदे आत गेले. मांजरी कोपऱ्यात दबून धापा टाकत होती. मी हात पुढं केला, तर चौरंगाच्या भरजरी पडद्याची झालर माझ्या हातातल्या जेडच्या बांगडीत अडकली. पुढं जाता येईना, मागं येता येईना. तेवढ्यात पहिली मिरवणूक देवळात शिरली.

आता माझ्यासारख्या बाईचा पुढचा अर्धा भाग देवाच्या कोनाड्यात आणि मागचा अर्धा भाग सगळ्या भाविकांसमोर, ही काही मिरवण्याची अवस्था नव्हे. मी डोळे मिटून ग्वानयिन मातेचं नाव घेऊ लागले. कोनाड्यात आवाज घुमतो. बाहेर ऐकू गेलं.

"पिक-हुन काकूंच्या अंगात आलं!" कुणीतरी ओरडलं.

"तरीच! इतकी शांत बाई. अशांच्याच अंगात येतं."

"काकू, माझ्या मुलाचं लग्न कधी?"

"काकू, सोडतीचा आकडा सांगा ना! नुसता शेवटचा!"

"मी अडकलेय," मी आतून म्हणाले.

"काय म्हणाली?"

"अडकलंय म्हणाली. लग्न अडकलंय!"

स्योक-खिम धावत आमच्या घरी गेली. तिनंच नंतर सांगितलं, हे नवा कोट घालून दारात मिरवणूक पाहत उभे होते. तिनं सांगितलं, "भाऊजी, वहिनींच्या अंगात आलंय," तर हे म्हणाले, "अशक्य. ती विचारल्याशिवाय काही करत नाही."

पण आले. गर्दी बाजूला झाली. मला ह्यांचे पॉलिश केलेले बूट दिसले.

"पिक-हुन," हे दबक्या आवाजात म्हणाले, "बाहेर ये. लोक बघतायत."

"अहो, येता आलं असतं तर एवढा वेळ काय हवा खात बसले होते?"

मग कोट सळसळला, गुडघा कटकन वाजला, आणि ह्यांचं डोकं माझ्या शेजारी आलं. इतक्या वर्षांत ह्यांनी वाघोबाला वरच्या वर मान हलवण्यापलीकडं कधी ओळख दिली नव्हती. हे आधी बांगडीकडं वळले, झालर सोडवू लागले. मग नजर कोपऱ्यात गेली.

"ही अशी का श्वास घेतेय?"

"दिवस भरलेत तिचे. आजच होईल असं दिसतंय."

बाहेर आत्सुईंची हाक आली, "चला, वाघोबाला घ्या! फटाके लावले!" पाठोपाठ पहिली माळ तडतडली. मांजरीनं अंग असं आवळून घेतलं की तिचा फाटका कान डोक्याला चिकटला. ती पळाली नाही. ह्यांच्याकडं बघत राहिली. ह्यांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"फडकं दे," हे म्हणाले.

लाल फडक्यात गुंडाळून, छातीशी धरून हे उठले. आणि इथं आमच्या लोकांची जी चूक झाली ती दुसऱ्या कुठल्या लोकांची होणं शक्य नाही. जन्मदिवसाची सकाळ, वाघोबाच्या कोनाड्यातून नव्या कोटातला एक गंभीर वयस्क माणूस लाल वस्त्रातलं काहीतरी छातीशी धरून बाहेर येतोय. ते काय असणार? अंगणातल्या सगळ्यांनी हात जोडले. ढोलवाल्यांनी ताल बदलला. खरा वाघोबा आत अंड्यांमागं बसलेलाच होता, पण तिकडं कोण बघतो!

"वाघोबा आले! फटाके!"

देवावर फटाके उधळायचे हा आमचा मान, आणि तो मान यंदा ह्यांना मिळाला. उजवीकडं माळ, डावीकडं माळ, पायाशी धुराचा लोट. मी मागून धावत होते, टोपली डोक्यावर धरून. ह्यांना पळता येईना, कारण देव घेऊन कुणी पळत नाही. हे पावलापावलानं चालत होते आणि मांजरीनं चारी पायांची नखं कोटातून, सदऱ्यातून थेट आत रुतवली होती. एकेका नखाला ह्यांची मान एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं हलायची. त्या त्या बाजूच्या लोकांना आशीर्वाद मिळायचा. डोळ्यांत पाणी आलेलं. "काय तेज आहे चेहऱ्यावर!" एक बाई माझ्या शेजारी म्हणाली. "साहेबांना देव पावला."

हे देवळाच्या दारातून गल्लीत वळले, आणि मिरवणूक मागं. वाघोबा कुणाच्या तरी घरी निघाले म्हटल्यावर घरोघरचे लोक दाराशी आले. स्योक-खिमनं पुढं धावत जाऊन आमच्या दारासमोर स्वतःच्या ओट्यावरचं स्टूल मांडलं, त्यावर उदबत्त्या आणि अंडी. ही बाई खरी काय जाणते आणि काय जाणत नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

आमच्या उंबऱ्याशी हे थांबले. मागं ढोल थांबले. मला वाटलं, आता हे फडकं माझ्या हातात देतील, म्हणतील, झालं माझं, पुढचं तुझं तू बघ. रक्तदाब तर चढलेलाच होता, कानापर्यंत लाल झाले होते.

तेवढ्यात फडक्यातून डोकं बाहेर आलं. फाटका कान, मिशा.

जोडलेले हात एकेक करून खाली आले.

"वाघोबा... लहान झाले?" कुणीतरी हळूच म्हणालं.

खो अध्यक्ष धापा टाकत गर्दी फोडून आले. त्यांचा चेहरा राखेसारखा, तोही कमळ न झालेल्या राखेसारखा. पलीकडच्या गल्लीचे लोक माना उंच करून पाहत होते. पण अध्यक्ष माणूस हुशार. त्यांनी खिशातून कौलाचे ठोकळे काढले आणि मोठ्यानं म्हणाले, "थांबा! गोंधळ नको! हे काय आहे आणि आत जावं की नाही, ते देवालाच विचारू. थ्याम-हॉक साहेब, जरा उभे राहा. तीन होकार आले की..."

"बाजूला व्हा," हे म्हणाले.

"पण देवाला विचारल्याशिवाय..."

"खो साहेब," हे म्हणाले, आणि पाटबंधारे खात्यातला सगळा शिल्लक अधिकार त्या आवाजात उतरला, "हिच्या कळा माझ्या छातीवर मला कळतायत. बाळंतिणीला दारात उभी ठेवून कौल लावायचा? उद्या तुमच्या सुनेला असंच ताटकळत ठेवाल?"

आणि उंबरा ओलांडून आत गेले. मी मागून दार लावलं. बाहेर स्योक-खिम सगळ्यांना अंडी वाटतेय असं ऐकू आलं.

ह्यांच्या हिवाळी बनियनांचा खालचा खण उघडा होता. मी फडकं आणायला वळले, तोवर मालकीणबाईंनी जागा पसंत केली होती. दुपार कलायच्या आत चार पिल्लं झाली. चारही पट्टेरी. बातमी बाहेर गेली तशी गल्लीचा श्वास मोकळा झाला. "वाघाचे पट्टे!" आत्सुईंनी देवळाची घंटा बडवली. खो अध्यक्षांनी ध्वनिवर्धकावर जाहीर केलं की वाघोबानं आपली पाहुणी सज्जन घरी बाळंतपणाला धाडली, आणि पलीकडच्या देवळात असलं काही झाल्याचं त्यांच्या ऐकिवात नाही. यावर गप्प राहणं खोटं की नाही, हे मला या वेळी पोथीत शोधावं लागलं नाही. मी जपाला बसले होते.

पिल्लांना मागण्या आल्या त्या रीतसर, फळांच्या टोपल्या घेऊन. दुकानदार, शिक्षिका, ढोलवाल्यांचा म्होरक्या, सगळ्यांना वाघोबाचं लेकरू हवं होतं. यी-रू रोज खाली येऊन त्यांना तिची भाषा शिकवायची. गल्लीत म्हातारी माणसंसुद्धा एकमेकांना "काय गुलामसाहेब!" म्हणू लागली. चारही पिल्लांची घरं ठरली.

आईला कुणी विचारलं नाही. फाटका कान, अंगावर पट्टा एक नाही. एक बाई खणात डोकावून म्हणाली, "ही नको. ही साधीच आहे."

हे वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटलं नाही.

ती गेल्यावर मी खणाजवळ बसले. मांजरी डोळे मिटून पडली होती, चौघं पोटाशी. मला एक बोलणं भाग होतं; मनात ठेवून ह्यांच्या घरात राहणं मला जमलं नसतं.

"अहो, मी देवाला शब्द दिला होता तो ती मोकळी होईपर्यंतचा," मी म्हणाले. "तो पुरा झाला. तुमच्या मनाविरुद्ध तिला इथं ठेवायला मला आता कारण नाही. पिल्लं दूध सुटून गेली की तिला देवळात सोडू. तुम्ही म्हणाल तसं."

फोन वाजला.

ह्यांच्या जुन्या कचेरीतली मंडळी दरवर्षी या सुमारास डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर सहलीला जातात. हे वर्षभर त्याचीच वाट पाहतात. तिथं सगळे ह्यांना अजून साहेब म्हणतात, आणि कुठल्या कालव्यात कुणामुळं पाणी अडलं होतं यावर दोन दिवस वाद चालतो.

"हो, बोल," हे फोनवर म्हणाले. "नाही. नाही, यंदा नाही जमायचं... तब्येत उत्तम आहे. घरात बाळंतीण आहे."

पलीकडून बराच आवाज झाला. अभिनंदनाचा असावा.

"सून नव्हे," हे म्हणाले. "सून परदेशात आहे. ही इथलीच... ते सगळं सावकाश सांगेन. महिना पुरा होईपर्यंत मला हलता यायचं नाही. आणि त्यानंतरचंही धरू नका. तिला सवय झालीय माझी, सकाळी उठल्यावर मी दिसलो नाही तर खात नाही."

फोन ठेवला. वर्तमानपत्र उचललं. वर्तमानपत्रामागूनच म्हणाले, "बाळंतिणीला तिळाच्या तेलातली कोंबडी देतात ना? तुझा सकाळचा नेम होऊ दे, मग कर थोडी. तिच्यापुरती नुसती उकड. तेल नको, आलंही घालू नकोस. मी यी-रूला विचारलंय."

मी त्यांच्याकडं पाहिलं.

"आणि हाडं काढून दे," हे म्हणाले. "नीट बघून काढ."